मारुती कुठपर्यंत आलाय?

पावसाळ्यात मामाचा नाशिकहून फोन आला की तो आधी तब्येत वगैरे काही विचारत नाही, थेट म्हणतो, "गुडघ्यापर्यंत आलंय." गुडघा म्हणजे दुतोंड्या मारुतीचा. गंगेवर रामकुंडापासून थोडं पुढे उभा आहे तो, दोन बाजूंना दोन तोंडं असलेला, आणि नाशिकमध्ये पूर मोजायचा तो त्याच्यावरूनच. पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. टीव्हीवाले क्युसेक सांगतात, गंगापूर धरणातून इतके सोडले तितके सोडले, पण नाशिकच्या माणसाला त्यातून काही कळत नाही, त्याला फक्त मारुती कुठपर्यंत आलाय ते सांगा. कंबर म्हटलं की घाटावरच्या टपऱ्या हलल्या, छाती म्हटलं की सराफ बाजारातल्यांनी माल वर उचलायचा. त्याच्या पुढची खूण म्हणजे सरकारवाड्याच्या पायऱ्या, आणि सगळ्यात शेवटची नारोशंकराच्या देवळातली घंटा. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. मामाने १९६९ चा पूर डोळ्यांनी बघितलाय, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, आणि आजही त्याबद्दल बोलताना तो आवाज खाली आणतो.

गंगा म्हटलं म्हणून बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकमध्ये गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, ते नाव शाळेच्या पुस्तकात. "गंगेवर जाऊन येतो", "गंगेवर बाजार भरलाय" असंच असतं सगळं.

तर २०२५ च्या डिसेंबरात नाशिकला गेले होते, पाच दिवस. त्याआधी गेले होते २०१५ ला, तेही वाड्याच्या सह्यांसाठी, दीड दिवसात परत. म्हणजे खरं सांगायचं तर मी नाशिक सोडलं ते २००३ ला आणि त्यानंतर ते शहर नीट बघितलंच नव्हतं. आई-बाबा आमच्याकडे बंगलोरला आले, वाडा गेला, मैत्रिणी पुण्या-मुंबईला, त्यामुळे जायला कारण उरलं नाही. मामा दरवर्षी म्हणायचा ये, मी म्हणायचे येते. त्या वर्षी मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि फोनवर मामाचा आवाज जरा थकलेला वाटला, मग मी तिकीट काढलं आणि निघाले.

मुंबईहून संध्याकाळची पंचवटी पकडली. वंदे भारत पण थांबते आता नाशिकरोडला, भाचा म्हणाला त्याने ये, पण मला पंचवटीच हवी होती. १९७५ पासून धावतेय ती गाडी, मनमाड-नाशिकची किती घरं या एका गाडीवर चालली, पहाटे उठून पास काढून मुंबईला नोकरीला जायचं आणि रात्री परत, अख्खं आयुष्य. आमच्या वाड्यातले एक काका असे तीस वर्षं गेले. त्यांच्या मुलांना बाबा नीट दिसायचे ते फक्त रविवारी. कसारा घाट आला तसा मी खिडकीशी तोंड नेऊन बसले, अंधारात दिसत काही नव्हतं, पण इगतपुरीला दार उघडलं आणि ती थंड हवा आत आली ना, ती मात्र अगदी तीच होती.

नाशिकरोडहून रिक्षा केली. रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "कुठं जायचं ताई?" मी म्हटलं इंदिरानगर, बोगद्यापाशी. ते म्हणाले बोगद्याला आत्ता लई ट्रॅफिक असेल, दुसरीकडून घेतो, आणि तिथून पुढे मी हरवले. बिटको ओळखलं, दत्त मंदिर ओळखलं, उपनगर येईपर्यंत ठीक होतं, त्यानंतर दोन्ही बाजूंना शोरूम, हॉस्पिटलं, लॉन्स, परत शोरूम, आणि मला कळेना आपण नक्की कुठे आहोत. लहानपणी बाबा प्रेसमध्ये कामाला जायचे, रोज शालिमारहून एसटीची सिटी बस पकडून नाशिकरोडला, आणि सुट्टीत कधी त्यांच्याबरोबर गेलं तर मधे चक्क शेतं लागायची. नाशिक आणि नाशिकरोड ही आमच्या डोक्यात दोन वेगळी गावं होती, "रोडला जातोय" असं सांगून निघायचं, डबा घेऊन. आता मधे श्वास घ्यायला पण जागा नाही. २००१ च्या जनगणनेत शहर १० लाख ७७ हजारांचं होतं, २०११ ला १४ लाख ८६ हजार झालं, आणि त्यानंतर किती वाढलं ते त्या रस्त्यावरून रिक्षाने गेलं की अंगाला कळतं.

मामा गेटवर उभा होता. कानटोपी, मफलर, हातात टॉर्च. गेटवर लाइट होता तरी टॉर्च. मला बघून म्हणाला, "आलीस? चल, खिचडी गार होतेय."

रात्री जेवताना मी म्हटलं, मामा, शहर किती बदललं रे. तर तो म्हणाला, बदलणारच, सिंहस्थ आला ना, आपला कुंभमेळा. आणि मग त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही पाचही दिवस. तो म्हणाला, हे शहर रोज थोडं थोडं नाही बदलत, बारा वर्षं जसं आहे तसं पडून असतं आणि मग सिंहस्थ आला की दोन वर्षांत सगळं उकरून काढतात. रस्ते सिंहस्थाचे, पूल सिंहस्थाचे, घाट सिंहस्थाचे. कोणत्याही गोष्टीकडे बोट दाखव, मी सांगतो कोणत्या सिंहस्थातली ती. त्याने १९५६ पासूनचे सगळे बघितलेत, १९५६ ला आठ वर्षांचा होता, आजोबांच्या खांद्यावर. मग १९६८, १९८०, १९९१, २००३, २०१५. आता २०२७.

मी पण मोजून बघितलं. १९९१ ला मी चौथीत, साधूंची मिरवणूक बघायला वाड्याच्या माडीवर चढलो होतो आम्ही सगळी पोरं. २००३ ला ग्रॅज्युएशन झालेलं, आणि त्या ऑगस्टमध्ये गर्दीत जी चेंगराचेंगरी झाली, पस्तीसच्या वर माणसं गेली, त्या दिवशी आम्ही घरात होतो, पण सरदार चौक आमच्या रोजच्या पायाखालचा, आईने त्यानंतर कितीतरी दिवस तिकडून जायचं टाळलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर मी नोकरीसाठी निघाले. २०१५ ला मालकांनी वाडा विकला. म्हणजे माझ्याही आयुष्यातलं सगळं मोठं त्याच वर्षांना घडलं, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. गावात म्हणजे जुन्या नाशकात. इंदिरानगर काय, सिडको काय, कॉलेज रोड काय, कुठेही राहणारा जुना माणूस रविवार कारंजा-मेन रोडकडे निघाला की "गावात जाऊन येतो" म्हणतो. सिटीलिंकच्या बसने गेलो. २०२१ ला महापालिकेने ही बससेवा सुरू केली, आधी एसटी चालवायची. बस चांगली होती, स्वच्छ, कंडक्टर मामाला "बाबा, इकडं बसा" म्हणाला, मला बरं वाटलं.

अशोक स्तंभापासून त्र्यंबक नाक्यापर्यंतचा तो स्मार्ट रोड मामाने मुद्दाम दाखवला. एक किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्याच्या कामाने लोकांचा किती जीव खाल्ला त्याचं वर्णन मी फोनवर तेव्हाच ऐकलं होतं. फुटपाथ रुंद झालेत हे खरं, मामासारख्या माणसाला चालायला सोपं झालं हेही खरं. गोल्फ क्लबवर अजून लोक चालत होते, राउंड मारत होते, कट्ट्यावर म्हाताऱ्यांचे तेच घोळके. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण तोंडात गोल्फ क्लबच बसलंय. तसंच मायको सर्कल, कंपनीचं नाव बॉश होऊन किती वर्षं झाली. मला हे आवडतं. बोर्डावरचं नाव बदललं तरी लोकांच्या तोंडात जुनं नाव टिकून राहतं, आणि माझ्यासारखीला ते नाव धरून धरून रस्ता सापडतो. कान्हेरेंचं नाव मात्र जरा जास्त घ्यायला हवं असं मला वाटतं, सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात त्याने कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली आणि पुढच्या एप्रिलमध्ये फासावर गेला. शाळेत आम्हाला २१ डिसेंबरला याची गोष्ट सांगायचे. भाच्याला विचारलं, त्याला माहीत नव्हतं.

मेन रोडवर सायंताराचा साबुदाणा वडा खाल्ला, तीच गर्दी, तीच चव. सावानात डोकावले. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० चं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. मी सातवीपासून तिथली मेंबर, सुट्टीत रोज एक पुस्तक, सकाळी घेतलेलं संध्याकाळी परत द्यायला गेले की काउंटरवरचे काका "वाचलंस का खरंच?" असं विचारून मधल्याच पानावरचं काहीतरी विचारायचे. आता तिथे कोणी ओळखीचं नव्हतं, पण पुस्तकांचा तो वास होता आणि वर्तमानपत्रं वाचत बसलेली माणसं होती.

तिथून भांडी बाजार. आईच्या लग्नातला तांब्याचा हंडा, घंगाळ, सगळं इथलं. शाळेतून येताना तांबट आळीतून आलं की कान भरून जायचे, ठाक ठाक ठाक ठाक, दहा ठिकाणहून एकदम, प्रत्येकाचा ठोका वेगळा. मी यावेळी मुद्दाम थांबून ऐकलं. एका ठिकाणी आवाज येत होता. एक म्हातारे गृहस्थ बसले होते पाय पसरून, मांडीजवळ तांब्या, आणि तो लोखंडी खरवईवर पालथा घालून छोट्या हातोडीने मठारत होते, एक ठोका, तांब्या केसभर फिरवायचा, परत ठोका, असं ओळीने. प्रत्येक ठोक्याला एक छोटा चकचकीत ठिपका उमटतो आणि ठिपक्याला ठिपका असा चिकटून जातो की मधे रेघेइतकी पण जागा उरत नाही. मी पंधरा मिनिटं उभी होते, ते एकदाही बघून थांबले नाहीत, हात आपोआप चालत होता. तांब्या घेतला मी. मशीनचा शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीत होता, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. मामा म्हणाला, मठारलं की पत्रा कडक होतो, पोचा लवकर पडत नाही, म्हणून आपल्या घरचा हंडा साठ वर्षं टिकला.

आणि मग तिवंधा, आमचा वाडा होता तो चौक.

मी मनाची तयारी केली होती, फोटो बघितले होते भाच्याने पाठवलेले. तरी वळणावर आले आणि समोर वाडा नाही हे बघून छातीत काहीतरी झालं. तिथे आता पाच मजली बिल्डिंग आहे, खाली पार्किंग, एटीएम. आमच्या दोन खोल्या होत्या, आम्ही भाडेकरू, मालकांसकट सात बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात तुळस आणि नळ. लाकडी जिना इतका काळोखा की पायाने पायऱ्या मोजत चढायचं, अकरा. त्या वाड्यावर मी उगाच जीव टाकत नाही, पावसाळ्यात भिंती पाझरायच्या, रात्री माती पडायची अंथरुणावर, संडास एकच होता आणि आईने तिथे वीस वर्षं काय काढलं ते मला मी स्वतः संसार करायला लागल्यावर कळलं. गावातले वाडे दर पावसाळ्यात कोसळतात, माणसं जातात. तेव्हा बिल्डिंग झाली ते चुकीचं झालं असं मी नाही म्हणणार. फक्त तुळशीपाशी उभं राहिलं की जो चौकोनी आभाळाचा तुकडा दिसायचा तो आता कुठेच नाही, एवढंच.

पहिल्या मजल्यावर जुन्या शेजारच्या काकू राहतात, मालकांच्या सूनबाई. त्यांनी दार उघडलं, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू प्रेसवाल्यांची ना!" मला एकदम रडू आलं. चहा झाला, पोहे झाले, बुधा हलवाईची जिलेबी मागवली त्यांनी समोरून, मी नको नको म्हणत असताना. काकूंनी आत नेऊन दाखवलं, वाड्याच्या दिंडी दरवाजाची पितळी कडी त्यांनी देवघराच्या दाराला लावलीय. मी ती हातात धरून बघितली, थंडगार, आतल्या बाजूने हाताने झिजून गुळगुळीत झालेली.

खाली उतरल्यावर मामाने मला रस्त्याच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाला, "ओळख, कुठे उभी आहेस?" मला माहीत होतं. रहाड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाशिकची रंगपंचमी रहाडीत होते. रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळातला दगडी हौद, रस्त्याच्या पोटात. वर्षभर त्यावर सागवानी ओंडके टाकून वर माती, वरून रस्ता चालू, गाड्या जातायत, भाजीवाले बसतायत, कोणाला पत्ता नाही खाली काय आहे. पंचमीच्या आधी ती उघडायची, साफ करायची, फुलांचा रंग कढवून त्यात ओतायचा, पूजा करायची आणि मग उड्या. उडी नाही म्हणत, धप्पा. धप्पा असा मारायचा की काठावरच्या शंभर माणसांच्या अंगावर रंग आला पाहिजे. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी, दंडे हनुमानाकडे आणि दांडेकर-दीक्षितांकडे जायचं तर आम्ही पोरं आधी पिवळे होऊन मग पुढे पळायचो. तो रंग दोन-तीन दिवस अंगावरून जात नाही, शाळेत कोण कुठल्या गल्लीतलं ते कानामागच्या रंगावरून कळायचं.

आणि ती तिथेच आहे. माझ्या पायाखाली. वाडा गेला, नळ गेला, समोरचं किराणा दुकान गेलं, पण ती रहाड रस्त्याखाली आहे तशी आहे, पंचमीला उघडते, आणि आता पूर्वीपेक्षा दहापट गर्दी होते असं काकू म्हणाल्या, पुण्या-मुंबईची मुलं येतात व्हिडिओ काढायला. एका स्कूटीवाल्याने हॉर्न वाजवला म्हणून आम्ही बाजूला झालो, तो वरून निघून गेला.

बाकीच्या शहराबद्दल थोडक्यात सांगते. गंगापूर रोडला माझ्या लहानपणी द्राक्षबागा सुरू व्हायच्या त्या जागी आता टॉवर आहेत आणि ते थेट सोमेश्वरच्या पुढपर्यंत जाऊन पोचलेत. शनिवार-रविवार मुंबईचे लोक वायनरीला येतात, २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून इगतपुरीपर्यंत तर ते भुर्रकन येतात. मिसळीचं पण मोठं प्रकरण झालंय, शहराबाहेर बागेत, झोपाळे, बैलगाडी, चूल, पार्किंगला माणूस. भाच्याने नेलं हौसेने. मिसळ चांगली होती, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, शेतात बसायला मोकळी हवा, मला आवडलं आणि मी त्याला तसं सांगितलं. त्याला वाटत होतं मी नाकं मुरडीन. पण त्यांच्या पिढीने शहर जसं मिळालं तसं ते त्यांचं करून घेतलंय, त्यात मी काय बोलणार.

पण गंगेबद्दल मला बोलायचंय.

बुधवारी गंगेवर गेलो, बाजाराचा दिवस. बाजार तसाच, भाजी, मसाले, दोऱ्या, खुरपी, पोळ्याच्या घुंगुरमाळा ऐन डिसेंबरात. आणि पाणी? पाणी मला बघवलं नाही. आम्ही रामकुंडापासून चालत खाली आलो. रामकुंडाच्या परिसरात सतरा जुनी कुंडं होती, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाच्या तळाला झरे. नदीतच उगम असल्यासारखं जिवंत पाणी. मामा सांगतो, उन्हाळ्यातही बोटाने वाळू सरकवली की गार पाणी वर यायचं. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं गेलं, भाविकांचे पाय घसरू नयेत, गाळ काढायला सोपं जावं म्हणून. झरे खाली दाबले गेले. मग काय झालं, तर २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. कोरडं! लोक टँकरच्या पाण्यात दशक्रिया करत होते. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असा पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरलं. मामाचे त्या वर्षीचे दोन्ही फोन माझ्या लक्षात आहेत, एप्रिलमधल्या फोनवर तो जवळपास रडत होता. नंतर काही जणांनी कोर्टात लढून, वर्षानुवर्षं फाइली घेऊन फिरून, काही कुंडांमधलं काँक्रीट काढायला लावलं. घाईघाईने ओतलेली गोष्ट काढायला दहा-पंधरा वर्षं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे परत सिंहस्थ आलाय. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शहरभर बॅरिकेड्स, खणलेले रस्ते, धूळ. लोक येणार, कोटींनी येणार, त्यांच्यासाठी रस्ते-घाट लागणारच, सिंहस्थ आमचा आहे, माझी आजी तर सिंहस्थ आला की घरात पाहुण्यांसाठी आधीच चार गाद्या भरून ठेवायची. पण घाईत काय ओततोय, काय तोडतोय ते कोणीतरी बघायला नको का?

शेवटच्या दिवशी मामा मला तपोवनात घेऊन गेला. कपिला जिथे गंगेला मिळते तिथे, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा म्हणतात, त्या नासिकेवरून नाशिक. साधुग्रामसाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तिथली सुमारे १८०० झाडं काढायचा प्रस्ताव नोव्हेंबरमध्ये पुढे आला आणि लोक रस्त्यावर आले, म्हातारी माणसं, कॉलेजची मुलं, लहान पोरं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. मामा दोन दिवस गेला होता, काठी घेऊन. आम्हाला कोणी सांगितलं नाही हे, ना त्याने ना मामीने. काही खोडांवर रंगाच्या खुणा होत्या. मामा एका चिंचेपाशी थांबला, खोडावर हात ठेवला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "२०१५ चा सिंहस्थ झाला ना, तेव्हा आम्ही सकाळी फिरायला येणारे सगळे इथे पाणी घालायचो. या बाजूची बरीच झाडं तेव्हाची." मी विचारलं, ही चिंच? तो म्हणाला, "छे, ही माझ्यापेक्षा मोठी आहे."

सावलीत बसलो. मामीने डब्यात लाडू दिले होते ते खाल्ले. मामा बोटांवर मोजत होता, २०२७ ला एकोणऐंशी, आणि त्याच्या पुढचा २०३९. मी म्हटलं, मामा, २०३९ ला मी अठ्ठावन्न असेन. तो म्हणाला, "मग तू बघ. आणि काय काय केलं ते लिहून ठेव."

नाशिकरोडला सोडायला आला तेव्हा परत कानटोपी, मफलर, टॉर्च. तांब्या मी सामानात न टाकता हातात घेतला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर चार पावलं चालला आणि म्हणाला, "जुलैत फोन करतो. मारुती कुठपर्यंत आला ते सांगतो."